शौर्याचे स्मरण आणि अनुभवाचे शिक्षण

दरवर्षी ३१ डिसेंबरच्या रात्री मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली येथील वस्त्यांमधून भीमा कोरेगावकडे गाड्या निघतात. १ जानेवारी १८१८ रोजी कॅप्टन स्टाँटन यांच्या हाताखालील सुमारे आठशे सैनिकांच्या तुकडीने पेशव्यांच्या कितीतरी पटीने मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरले. त्या तुकडीत महार सैनिक मोठ्या संख्येने होते आणि विजयस्तंभावरील नावांत त्यांची बावीस नावे आहेत. एवढे आपल्या शाळेतील सातवीचा विद्यार्थीही न अडखळता सांगतो. १ जानेवारी १९२७ रोजी परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः त्या स्तंभापाशी गेले, तेव्हापासून हे स्मरण आपल्या चळवळीचा भाग झाले आहे.

हा अभिमान रास्त आहे. तथापि इतिहासाच्या शिक्षकाला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. शौर्य त्या त्या दिवशी घडते आणि त्या दिवसाबरोबर संपते. मागे उरतो तो अनुभव. तो अनुभव कोणी नोंदवला, कोणी तपासला आणि पुढच्या पिढीला कोणी शिकवला? ज्या सैन्याने हे काम केले ते सुधारले आणि ज्याने केले नाही त्याला तीच किंमत पुन्हा मोजावी लागली. समाजाचेही असेच आहे. लष्करी प्रशिक्षण आणि नेतृत्व यांच्या इतिहासातील काही प्रसंग मी या लेखात मांडणार आहे. त्यांपैकी बहुतेकांचा संबंध आपल्या समाजाशी किंवा महाराष्ट्राशी आहे, आणि त्यांतून निघणारा धडा निवासी शाळेला, वसतिगृहाला आणि चळवळीला थेट लागू पडतो.

धम्म आणि सेनापती

बौद्ध शाळेच्या स्मरणिकेत लष्कराचा विषय कशासाठी, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. विनयपिटकातील सिंह सेनापतीची कथा येथे आठवावी. वैशालीचा हा सेनापती तथागतांकडे आला, त्याने प्रश्न विचारले आणि तो उपासक झाला. उपासक होण्यासाठी सेनापतिपद सोडण्याची अट त्याला घातल्याचा उल्लेख त्या कथेत नाही. दुसरीकडे, राजसेवेत असलेल्या सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये, असाही नियम विनयात आहे. भिक्खूचे कर्तव्य आणि गृहस्थाचे कर्तव्य यांतील भेद तथागतांनी स्पष्ट ठेवला होता.

त्याच वैशालीच्या वज्जींवर चाल करून जाण्याचा बेत मगधाच्या अजातशत्रूने केला, तेव्हा त्याचा अमात्य वस्सकार तथागतांकडे आला. वज्जींची शक्ती कशात आहे हे सांगताना तथागतांनी हत्तींची किंवा रथांची गणती केली नाही. वज्जी वारंवार एकत्र जमतात का, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात का, वडीलधाऱ्यांचे ऐकतात का, असे त्यांचे प्रश्न होते. संरक्षणाचा विचार शस्त्रागारापासून सुरू न करता सभागृहापासून सुरू करणारी ही दृष्टी आहे. पुढील विवेचन याच दृष्टीने केले आहे.

पलटणीतील शाळा

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत पलटणीबरोबर शाळा असे. सैनिकांच्या मुलांसाठी दिवसाची शाळा आणि वयाने मोठ्या सैनिकांसाठी रात्रीची. गावात ज्यांना पाटीला हात लावण्याची बंदी होती, त्यांच्या मुलामुलींना छावणीत मात्र शिक्षण घेणे भाग होते. सैन्याला हिशेब ठेवणारा हवालदार हवा होता, हुकूम वाचणारा नाईक हवा होता आणि अहवाल लिहिणारा सुभेदार हवा होता. सरकारचा हेतू एवढाच होता; परंतु त्यातून निघालेले फळ सरकारच्या कल्पनेपलीकडचे होते.

सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि चौदा वर्षे ते लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. त्यांची पलटण महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. बाबासाहेबांना वडिलांकडून काय मिळाले, याचे उत्तर आपण बहुधा ‘शिस्त’ असे देतो. ते अपुरे आहे. पहाटे उठवून अभ्यासाला बसवणारा, तर्खडकरांच्या पुस्तकांवरून भाषांतराचे धडे घोटून घेणारा आणि मुलाच्या पुस्तकांसाठी कर्ज काढणारा हा पिता मुळात शिक्षक होता. स्वतःला जे येते ते दुसऱ्याला येईपर्यंत थांबायचे नाही, ही शिक्षकाची वृत्ती त्यांनी पलटणीत कमावली आणि घरात वापरली.

गोपाळबाबा वलंगकर हेही याच परंपरेतले. महाडजवळच्या रावढळ गावचे हे निवृत्त हवालदार. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसक’ ही पुस्तिका लिहिली आणि पुढे दापोलीत अनार्य दोष परिहारक मंडळी स्थापन केली. पलटणीने त्यांना वाचायला आणि लिहायला शिकवले, अर्ज कसा करावा, कोणाकडे करावा आणि उत्तर न आल्यास पुन्हा कसा करावा हेही शिकवले. लष्करी सेवेतील कौशल्य सामाजिक लढ्यात आणणारी ही पहिली पिढी होती. पुढे महाड सत्याग्रहाच्या काळात उभ्या राहिलेल्या समता सैनिक दलाला कवायत आणि शिस्त लावण्यातही निवृत्त सैनिकांचा मोठा वाटा होता. आपल्या चळवळीच्या मुळाशी रणभूमी आहे, तितकीच छावणीतील ही शाळाही आहे. स्तंभ आपल्याला आठवतो; शाळा मात्र आठवणीतून निसटत चालली आहे.

तुटलेली साखळी

१८९२–९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’ या भ्रामक सिद्धान्ताच्या आधारे महारांची सैन्यभरती बंद झाली. वलंगकरांनी १८९४ मध्ये सरसेनापतींसाठी अर्ज तयार केला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. या अर्जांतील मागणी नोकरीची होती आणि प्रतिष्ठेचीही होती. परंतु भरतीबंदीने झालेले एक नुकसान सहसा लक्षात घेतले जात नाही.

सैन्यातील ज्ञान दोन ठिकाणी राहते. त्यातील थोडे पुस्तकांत असते आणि बरेचसे नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार यांच्या अंगात मुरलेले असते. नवा रंगरूट बंदूक कशी धरतो हे पुस्तकात सापडते. घाबरलेल्या रंगरूटाला रात्रीच्या पहाऱ्यावर कसे उभे करायचे, हे सुभेदारालाच ठाऊक असते. असा सुभेदार घडायला पंधरा-वीस वर्षे लागतात. भरती थांबली की दर वर्षी ही साखळी एकेका कडीने झिजते आणि एक पिढी निवृत्त झाली की सारा अनुभव निवृत्तिवेतनाबरोबर गावी जातो.

पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची टंचाई पडली तेव्हा १९१७ मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले, गरज संपली आणि १९२१ मध्ये ती मोडीत निघाली. साखळी जुळायला लागली होती, ती पुन्हा तुटली. जुलै १९४१ मध्ये बाबासाहेबांची व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीवर नेमणूक झाली. त्यांनी स्वतंत्र महार पलटणीचा आग्रह धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी पलटण कामठीस उभी राहिली. पहिल्या पलटणीचे सुभेदार-मेजर शेख हसनुद्दीन होते आणि दुसरीचे भोलाजी रांजणे. १९४६ मध्ये या रेजिमेंटचे रूपांतर मशीनगन रेजिमेंटमध्ये झाले. व्हिकर्स मशीनगन हे एकट्याने चालवण्याचे हत्यार नव्हे. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने काडतुसांचा पट्टा पुरवायचा, तिसऱ्याने पाणी आणि दारूगोळा आणायचा, आणि यांतला कोणी पडला तर उरलेल्यांनी त्याचे काम उचलायचे. प्रत्येकाला प्रत्येकाचे काम शिकवल्याशिवाय अशी तुकडी उभीच राहत नाही. व्हिकर्स बंदुकांची जोडी आजही रेजिमेंटच्या बोधचिन्हावर आहे. ‘यश सिद्धि’ हे तिचे ब्रीद आहे.

आज सागर येथे केंद्र असलेल्या या रेजिमेंटमध्ये देशाच्या अनेक प्रांतांतील आणि समाजांतील जवान एकत्र सेवा करतात. जनरल के. व्ही. कृष्णराव आणि जनरल के. सुंदरजी हे दोन लष्करप्रमुख या रेजिमेंटमधून पुढे आले. ज्यांना १८९२ मध्ये लढण्यास अपात्र ठरवले होते, त्यांच्या नावाच्या रेजिमेंटने शतक पुरे होण्याच्या आत देशाला दोन लष्करप्रमुख दिले. भ्रामक सिद्धान्ताला याहून चोख उत्तर कोणते?

१९६२ चा धडा

स्वतंत्र भारतातील लष्करी प्रशिक्षण आणि नेतृत्व यांचा सर्वांत कडू धडा १९६२ च्या चीन युद्धाचा आहे. त्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, हे महाराष्ट्राला परिचित आहे. त्यांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेत केलेले निवेदन मात्र फारसे वाचले जात नाही. पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांनी केली होती. चव्हाणांनी त्या चौकशीचा सारांश सभागृहापुढे ठेवला.

त्या निवेदनातील दोन मुद्दे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. पहिला प्रशिक्षणाचा. सैनिकांचे मूलभूत शिक्षण चांगले होते, परंतु ज्या डोंगराळ प्रदेशात आणि ज्या शत्रूशी लढायचे होते त्याला धरून ते शिक्षण दिलेले नव्हते. चिनी सैन्याची लढण्याची रीत, त्याची शस्त्रे आणि क्षमता यांची पुरेशी माहिती आपल्या जवानांना नव्हती. दुसरा मुद्दा नेतृत्वाचा. कनिष्ठ पातळीवरील नेतृत्व साधारणपणे समाधानकारक होते. जसजसे वर जावे तसतसे दोष अधिक दिसू लागले. आणि काही वरिष्ठ सेनानींनी खालच्या अधिकाऱ्यांच्या पुढाकारावर पुरेसा भरवसा ठेवला नाही. वास्तविक त्या भूप्रदेशाची आणि आपल्या जवानांच्या स्थितीची खरी माहिती या खालच्या अधिकाऱ्यांनाच होती.

हा दुसरा मुद्दा प्रत्येक मुख्याध्यापकाने, वसतिगृह अधीक्षकाने आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्याने पुन्हा वाचावा असा आहे. ज्याच्या पायाखाली जमीन आहे त्याला ती माहीत असते. नकाशा वर असतो, चिखल खाली असतो. वरच्याने खालच्याला विचारलेच नाही, तर निर्णय नकाशावर होतो आणि किंमत चिखलात मोजली जाते.

मूळ चौकशी अहवाल सरकारने आजवर अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये एका परदेशी पत्रकाराने उघड केला. जो धडा पुढच्या पिढीतील प्रत्येक अधिकाऱ्याच्या अभ्यासात असायला हवा होता, तो साठ वर्षांहून अधिक काळ कुलपात राहिला. याच्या उलट उदाहरण कारगिलचे. १९९९ च्या युद्धानंतर काही दिवसांतच के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली समीक्षा समिती नेमली गेली आणि फेब्रुवारी २००० मध्ये तिचा अहवाल संसदेपुढे आला. काही भाग वगळलेला असला तरी तो नागरिकांना वाचता आला. त्यावर चर्चा झाली, मंत्रिगटाने २००१ मध्ये शिफारशी केल्या. त्यांपैकी तिन्ही दलांसाठी एक प्रमुख नेमण्याची शिफारस प्रत्यक्षात यायला मात्र १ जानेवारी २०२० उजाडले. यातून एक गोष्ट स्पष्ट होते. धडा दिसणे, धडा लिहिणे आणि धडा शिकणे या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. वागणे बदलले तरच तिसरी पायरी गाठली असे म्हणता येते.

आपल्या उपनगरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवाल १९९३ मध्ये तयार झाला होता. त्याची कामे रेंगाळली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या काठच्या वस्त्या बुडाल्या. धडा लिहिलेला होता, पण तो शिकला गेला नव्हता.

महूची दुसरी ओळख

बाबासाहेबांची जन्मभूमी म्हणून महू आपल्याला वंदनीय आहे. त्या गावाची दुसरी ओळख अशी, की भारतीय लष्कराच्या काही प्रमुख प्रशिक्षण संस्था तेथे आहेत. इन्फन्ट्री स्कूल तेथे आहे. पूर्वी कॉलेज ऑफ कॉम्बॅट म्हणून ओळखले जाणारे आणि आता आर्मी वॉर कॉलेज झालेले महाविद्यालय तेथे आहे. १ ऑक्टोबर १९९१ रोजी संपूर्ण लष्कराच्या प्रशिक्षणाचा विचार करणारी आर्मी ट्रेनिंग कमांड महू येथेच स्थापन झाली. १९९३ मध्ये ती सिमल्याला हलली. महार रेजिमेंटचा स्थापनादिनही १ ऑक्टोबरच, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे.

सुंदरजी १९८०–८१ च्या सुमारास महूच्या या महाविद्यालयाचे प्रमुख होते. अण्वस्त्रांच्या छायेत परंपरागत युद्ध कसे बदलेल, हा त्या वेळी अवघड आणि नाजूक विषय होता. त्यांनी एक साधी युक्ती केली. प्रश्नावली तयार करून ती टपालाने अधिकाऱ्यांना आणि अभ्यासकांना पाठवली, उत्तरे मागवली, त्यांतील मतभेदांसह ती एकत्र केली आणि महाविद्यालयाच्या निबंधमालेत प्रसिद्ध केली. वरिष्ठाने आपले मत आधी सांगून इतरांच्या माना डोलावून घेण्याऐवजी प्रश्न पुढे केला आणि उत्तरांसाठी थांबला. सुंदरजींच्या पुढील सर्व निर्णयांचे समर्थन करण्याचे कारण नाही. त्यांच्या कारकिर्दीतील श्रीलंकेच्या मोहिमेविषयी आजही तीव्र मतभेद आहेत. परंतु शिकण्याची ही पद्धत अनुकरणीय आहे.

त्याच श्रीलंकेच्या मोहिमेत ८ महार पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे नेतृत्वाच्या दुसऱ्या टोकाचे उदाहरण ठरले. ते मुंबईत जन्मले आणि मुंबईतच शिकले. २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर दबा धरून बसलेल्यांनी हल्ला केला. वरून हुकूम येण्याची वाट पाहण्याइतका वेळ नव्हता. त्यांनी शांतपणे हल्लेखोरांना मागच्या बाजूने घेरले. हातघाईत छातीत गोळी लागल्यावरही प्रतिस्पर्ध्याच्या हातची रायफल हिसकावून त्याला पाडले आणि अखेरच्या श्वासापर्यंत ते तुकडीला आज्ञा देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. खालच्या नेतृत्वावर विश्वास ठेवायचा म्हणजे काय, ते यातून कळते. ऐन वेळी निर्णय घेण्याची ताकद ऐन वेळी येत नाही. आधीच्या प्रशिक्षणात प्रत्येक पातळीवरच्या माणसाला निर्णय घेऊ दिलेला असेल तरच ती येते.

व्हिएतनाम युद्धात हात पोळल्यानंतर अमेरिकेच्या लष्कराने १९७० च्या दशकात एक पद्धत बसवली. तिला ते ‘आफ्टर ॲक्शन रिव्ह्यू’ म्हणतात; आपण तिला ‘कृतीनंतरचा आढावा’ म्हणू. सराव संपला की तुकडी तेथेच बसते आणि चार प्रश्न विचारते. काय घडायला हवे होते? प्रत्यक्षात काय घडले? तसे का घडले? पुढच्या वेळी काय ठेवायचे आणि काय बदलायचे? या बैठकीत साध्या शिपायाला अधिकाऱ्याच्या निर्णयाबद्दल बोलता येते. शिक्षा करणे हा बैठकीचा हेतू नसतो. जे निष्पन्न होते ते इतर तुकड्यांपर्यंत पोहोचवण्यासाठी १९८५ मध्ये फोर्ट लेव्हनवर्थ येथे स्वतंत्र केंद्रही सुरू झाले.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा आढावा

व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून ही पद्धत आज मोठा शोध म्हणून शिकवली जाते. बौद्धांना मात्र ती ओळखीची वाटायला हवी. वर्षावासाचे तीन महिने संपले की आश्विन पौर्णिमेला भिक्खू संघ पवारणा करतो. प्रत्येक भिक्खू संघापुढे येतो आणि विनंती करतो, की माझा एखादा दोष कोणी पाहिला असेल, ऐकला असेल किंवा तशी शंका आली असेल, तर माझ्यावर करुणा करून तो मला सांगावा. दोष दिसला तर मी तो सुधारीन.

या विधीतील तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, त्याची वेळ ठरलेली आहे. कोणाचे भांडण झाले म्हणून तो होत नाही. तीन महिने सोबत राहिल्यावर तो होतोच. दुसरी, दोष सांगण्याची विनंती स्वतः ज्याचा दोष आहे तो करतो, त्यामुळे सांगणारा शत्रू ठरत नाही. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की आरंभ ज्येष्ठापासून होतो. संयुत्तनिकायातील पवारणा सुत्तात श्रावस्तीच्या पूर्वारामात सुमारे पाचशे भिक्खूंसमोर स्वतः तथागत विचारतात, की माझ्या वाणीत किंवा वर्तनात निंद्य असे काही तुम्हाला आढळले आहे काय? ज्यांना विचारण्याची गरज नव्हती, त्यांनी आधी विचारले. प्रमुखच असा उभा राहिला, तर सर्वांत धाकटा श्रामणेरही उद्या न घाबरता उभा राहील.

लष्कराच्या आढाव्यात आणि पवारणेत एक भेदही आहे. एकाचा हेतू लढाईतील कार्यक्षमता, दुसऱ्याचा हेतू चित्ताची शुद्धी. परंतु सत्य ऐकण्याची रचना करावी लागते, ती आपोआप होत नाही, हा दोहोंचा समान पाया आहे.

चळवळीने काय केले?

नेतृत्व प्रशिक्षणाने घडते, ही बाबासाहेबांची धारणा होती. जुलै १९५६ मध्ये त्यांनी मुंबईत राजकारणात प्रवेश करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. पहिल्या तुकडीत पंधरा विद्यार्थी होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि काही महिन्यांतच ते विद्यालय बंद पडले. ऑक्टोबर १९५७ मध्ये रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि अवघ्या काही वर्षांत त्यात फूट पडली. त्यानंतरच्या फुटींची गणती वाचकांना माझ्याहून अधिक चांगली ठाऊक आहे.

प्रत्येक फुटीनंतर सभा झाल्या, पत्रके निघाली, एकमेकांवर आरोप झाले. परंतु काय घडायला हवे होते, काय घडले, का घडले आणि पुढे काय बदलायचे, या चार प्रश्नांची उत्तरे शांतपणे लिहून पुढच्या कार्यकर्त्यांच्या हाती दिली गेली, असे क्वचितच झाले. परिणामी प्रत्येक पिढीचा कार्यकर्ता पहिल्या धड्यापासून सुरुवात करतो. भरतीबंदीने आपली साखळी परक्यांनी तोडली होती. ही साखळी मात्र आपणच जोडायची राहून गेली आहे. पंधरा विद्यार्थ्यांचे ते विद्यालय टिकले असते तर काय झाले असते, हा तर्क करण्यात अर्थ नाही. त्याचे काम आपापल्या ठिकाणी लहान प्रमाणात का होईना सुरू करणे आपल्या हातात आहे.

निवासी शाळेत काय करता येईल?

निवासी शाळा ही या कामासाठी उत्तम जागा आहे, कारण येथे मुले एकत्र राहतात, एकत्र काम करतात आणि दरवर्षी नवी तुकडी येते. पुढील गोष्टींना पैसा लागत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे अनुभवाची वही. आपल्या भागातील अनेक मुले ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर स्वयंसेवक म्हणून जातात. पाणी कोठे कमी पडले, हरवलेली लहान मुले कोणत्या वेळी अधिक सापडली, वृद्धांना रांगेत कोठे बसवावे लागले, परतीच्या लोकलला कोणत्या स्थानकावर गर्दी झाली, हे त्या मुलांना त्या रात्री नेमके ठाऊक असते. आठवडाभरात ते विसरले जाते आणि पुढच्या वर्षी नवे स्वयंसेवक तेच प्रश्न नव्याने शोधतात. परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. पुढच्या वर्षी ५ डिसेंबरला ती वही मोठ्याने वाचावी. १४ एप्रिलची मिरवणूक, क्रीडास्पर्धा, सहल, दहावीची परीक्षा, सर्वांसाठी अशी वही असावी.

दुसरी, आढाव्यात धाकट्याने आधी बोलावे. आठवीच्या मुलीने बोलण्यापूर्वी मुख्याध्यापक बोलले, तर ती मुख्याध्यापकांचेच वाक्य आपल्या शब्दांत सांगेल. दोष मात्र मोठ्याने आधी आपले विचारावेत. बोलण्याचा क्रम खालून वर आणि दोष विचारण्याचा क्रम वरून खाली, हे सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे.

तिसरी, वसतिगृहाने आश्विन पौर्णिमेला विद्यार्थ्यांची पवारणा करावी. अनुकरण विधीचे नसावे, वृत्तीचे असावे. अधीक्षकांनी आणि शिक्षकांनी प्रथम विचारावे. पहिल्या वर्षी कोणी बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी जेवणाविषयी बोलतील. तिसऱ्या वर्षी कदाचित ज्या गोष्टीविषयी बोलायलाच हवे त्याविषयी बोलतील. तोवर धीर धरावा.

चौथी, माजी विद्यार्थ्यांपैकी जे सैन्यात, पोलिसांत, अग्निशमन दलात, रेल्वेत, बेस्टमध्ये किंवा रुग्णालयात आहेत, त्यांना स्नेहसंमेलनात सत्कारासाठी बोलावण्याबरोबरच एका तासिकेसाठीही बोलवावे. शाल-श्रीफळाने त्यांचा मान होतो. तासिकेने त्यांचा अनुभव शाळेचा होतो. अंधेरी-मुलुंडच्या कार्यालयांच्या आणि गृहसंकुलांच्या फाटकांवर आज कितीतरी निवृत्त सैनिक पहारा देत आहेत. त्यांच्या खांद्यावर पंधरा-वीस वर्षांचे शिक्षण आहे आणि ते कोणी त्यांच्याकडे मागितलेले नाही.

पालकांसाठी एक माहिती. सैन्यात अधिकारी होण्याचा मार्ग आपल्या मुलांना बंद नाही. साताऱ्याची सैनिक शाळा, ही देशातील पहिली सैनिक शाळा, १९६१ मध्ये सुरू झाली. छत्रपती संभाजीनगरची राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षणसंस्था १९७७ पासून मुलांना राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या परीक्षेसाठी तयार करते, आणि मुलींसाठी तशीच संस्था नाशिक येथे आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश आहे. त्यांची पहिली तुकडी मे २०२५ मध्ये बाहेर पडली. शिपाई म्हणून भरती होणे सन्मानाचेच आहे, परंतु आपल्या मुलामुलींनी निर्णय जेथे होतात तेथेही पोहोचावे. आणि तेथे पोहोचल्यावर खालच्याचे ऐकावे.

सुभेदार रामजी सकपाळ यांनी किती लढाया लढल्या, हे आपल्यातील फार थोड्यांना सांगता येईल. त्यांनी आपल्या मुलाला काय शिकवले, ते मात्र साऱ्या जगाला माहीत आहे. आपण आपल्या माहितीतील एक अनुभव, यशाचा असो वा अपयशाचा, या वर्षी कागदावर उतरवून शाळेच्या ग्रंथालयात द्यावा, एवढीच माजी विद्यार्थ्यांना विनंती. दोन पाने पुरेत. पुढच्या वर्षी येणारी पाचवीची मुले ती वाचतील.

नमो बुद्धाय. जय भीम.